तुम्ही विचारलेत म्हणून: रिकम्बंट घ्यायची, तर पहिली कोणती?

रिकम्बंट सायकलीबद्दल, म्हणजे पाठ टेकून आणि पाय पुढे करून चालवायच्या सायकलीबद्दल, मला होणारी विचारणा बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. साध्या सायकलीवर अर्ध्या तासात कंबर आणि मनगटे धरतात, बुड दुखते, पण सायकल सोडायची नाही. तेव्हा तुमच्यासारखी घ्यावी म्हणतो, तर दोन चाकांची घ्यावी की तीन, आणि सुरुवात कुठून करावी? माझे उत्तर असे आहे की खानदेशात राहून पहिली रिकम्बंट घेणाऱ्याने तीनचाकीच घ्यावी, तीही पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली. आणि हाताशी असलेले पैसे सायकलीचे वजन कमी करण्यावर न घालवता बैठक, हलके गिअर आणि टायर यांवर घालवावेत. या उत्तरामागची कारणे सांगण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा.

तीन चाके आणि टेकलेली पाठ दिसली की आपल्याकडे लोकांना दिव्यांगांची हाताने चालवायची सायकल आठवते. पारोळ्याच्या पुढे चहाला थांबले की कोणी तरी आजोबा जवळ येऊन ‘भाऊ, पायले काय व्हयनं?’ असे हळूच विचारतात, आणि त्यात आपुलकीच असते. परंतु ही बैठक हळू जाणाऱ्या माणसाची सोय म्हणून जन्माला आलेली नाही. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलीवर एका तासात ४५ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले आणि ऑस्कर एग यांचा १९१४ पासून टिकून असलेला विक्रम मोडला. फोर हा पहिल्या फळीचा खेळाडू मानला जात नव्हता, त्यामुळे श्रेय माणसाचे की यंत्राचे असा वाद झाला आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली की ही बैठक स्पर्धेबाहेर गेली. शर्यतीत नाही म्हणून दुकानात नाही आणि दुकानात नाही म्हणून रस्त्यावर नाही, हे चक्र तेव्हापासून चालू आहे. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात टॉड रायकर्ट या कॅनडाच्या सायकलपटूने सर्व बाजूंनी कवच असलेल्या दोनचाकी रिकम्बंटवर, केवळ पायांच्या बळावर, ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला. अर्थात हे ऐकून घरची ट्राइक, म्हणजे तीनचाकी रिकम्बंट, वाऱ्यासारखी पळेल असे कोणी समजू नये. साधारण ट्राइकचे वजन पंधरा ते वीस किलो असते आणि तिसऱ्या चाकाचे घर्षण वेगळे. सपाट रस्त्यावर चांगल्या रेसिंग सायकलीच्या मागेच राहायचे, हे गृहीत धरावे.

मग दोनचाकी रिकम्बंट का नको? ती वाईट नाही, वेगाला तर तीच सरस आहे, परंतु ती शिकावी लागते. अंग मागे टेकलेले असल्यामुळे साध्या सायकलीवर आपण कमरेने जो तोल नकळत सावरतो, तो येथे सावरता येत नाही; वेग कमी झाला की हँडल हेलकावे खाऊ लागते, आणि चढावर किंवा बाजाराच्या गर्दीत वेग कमीच असतो. मोकळ्या मैदानात काही दिवसांत हात बसतो, पण आपल्या गावांतून जाताना दर शंभर पावलांवर गतिरोधक, म्हैस, उभी रिक्षा किंवा आडवा आलेला ट्रॅक्टर असतो, आणि प्रत्येक वेळी थांबून पुन्हा निघणे हेच या सायकलीचे सर्वांत अवघड काम आहे. ट्राइकवर हा प्रश्नच उद्भवत नाही. ब्रेक दाबून धरायचा आणि बसून राहायचे. चढावर माणसाच्या चालीइतक्या वेगाने गेले तरी ती पडत नाही, आणि ज्यांना वयामुळे किंवा अन्य कारणाने तोल सांभाळणे जड जाते, त्यांच्यासाठी एवढा एक गुण पुरेसा आहे.

ट्राइकमध्येही दोन जाती आहेत. मागे दोन चाके असलेल्या प्रकारात बैठक बहुधा उंच असते, उठणे-बसणे सोपे जाते आणि मागे सामानही भरपूर बसते. बाजारहाट आणि गावातल्या गावात फिरण्यासाठी ती चांगली. मात्र वेगात वळताना तिचे आतले चाक लवकर उचलले जाते. पुढे दोन चाके असलेल्या प्रकारात माणूस पुढच्या चाकांच्या जवळ आणि खाली बसतो, वजनाचा मोठा वाटा त्याच चाकांवर येतो, आणि ब्रेक मारताना भार पुढे सरकतो तो रुंद बाजूकडेच सरकतो. तरीही ही ट्राइक उलटू शकते, हे ध्यानात ठेवावे. साधी सायकल वळणावर कलते, ट्राइक कलत नाही; म्हणून चालवणाऱ्याने स्वतःचे खांदे आणि डोके वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचे असतात. पुढची चाके बहुधा २० इंचांचीच का असतात, त्याचेही उत्तर येथेच आहे. न कलणाऱ्या चाकावर वळताना आडवा दाब येतो आणि आडवा दाब सोसायला लहान चाक अधिक भक्कम ठरते.

आता ज्या गोष्टीवर मला जरा जोर द्यावासा वाटतो, ती म्हणजे पाय. ट्राइकची पॅडल पुढे आणि उंच असतात आणि पायाला खालून कसलाच आधार नसतो. खड्ड्याच्या धक्क्याने टाच सुटून जमिनीला लागली, तर पाय तेथेच अडकतो आणि सायकल मात्र पुढे जात राहते. पुढचा आडवा दांडा पोटरीवर येतो आणि घोटा मोडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्यामुळे पाय पॅडलला धरून ठेवणारी काही तरी व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवीच. क्लिपचे बूट आणि त्यांची पॅडल घेणे उत्तम. ते महाग वाटत असतील, तर टाचेला मागून आधार देणारी वाटी आणि पायावरून जाणारा पट्टा असलेली पॅडल घ्यावीत, नाहीतर चांभाराकडून जाड नायलॉनची पट्टी शिवून घ्यावी. चप्पल घालून ट्राइक चालवण्याचा मोह गावातल्या गावातही आवरावा.

गिअरचे गणित साध्या सायकलीपेक्षा निराळे आहे, कारण येथे उभे राहून पॅडल मारता येत नाही. मागे २६ इंची चाक, पुढे २२ दात्यांची चकती आणि मागे ३४ दात्यांची, अशी जोडी असेल, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या, तर वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत राहतो. एवढा हलका गिअर असेल, तर चाळीसगावहून कन्नडचा घाट किंवा शहाद्याकडून तोरणमाळ, दोन्ही बसल्या बसल्या चढता येतात. विक्रेते बहुधा वरच्या गिअरचे कौतुक सांगतात. आपण खालच्या गिअरचे दाते मोजावेत. वाऱ्याचा लाभ मात्र याच बैठकीला मिळतो. जून-जुलैत चोपड्याहून शिरपूरकडे निघाले की पश्चिमेचा वारा सरळ तोंडावर येतो, आणि साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. साध्या सायकलीवरच्या माणसाची छाती वारा अडवते, ट्राइकवर त्यासमोर फार थोडे अंग येते. त्या दिवसांत पुढे गेलेल्या सोबत्यांशी अंतर आपोआप कमी होते.

टायरबाबत आपल्या भागात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे बाभळीचे काटे. तीन चाकांचे तीन माग असल्यामुळे एका चाकाने चुकवलेला काटा दुसऱ्याला सापडतो, आणि खड्ड्यांचेही तसेच. म्हणून जाड पट्टीचे टायर घ्यावेत आणि ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक छिद्र आतून बुजवणारा द्रव, घालावे. दुसरी अडचण मापाची. दुकानात ‘वीसचे टायर’ मागितले, तर दोन निरनिराळ्या मापांपैकी कोणतेही हातात पडू शकते. टायरच्या बाजूवर ४७-४०६ असे काही तरी छापलेले असते, त्यातला ४०६ हा आकडा पाहावा, कारण ४५१ चे टायर त्या रिमवर बसत नाही. ४०६ चे टायर लहान मुलांच्या सायकलींमुळे तालुक्याच्या गावीही मिळते. वॉल्व्ह मोटारसायकलीसारखा असावा, म्हणजे कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. पुढची चाके एकाच बाजूने अडकवलेली असल्यामुळे चाक न काढताच ट्यूब बदलता येते. रस्त्याच्या कडेला भर उन्हात याचे महत्त्व कळते.

मिळणार कोठे, हा पुढचा प्रश्न. परदेशात साध्या ट्राइकसाठीही हजार-दीड हजार डॉलर मोजावे लागतात आणि त्यावर जहाजभाडे व जकात येते. पुण्या-मुंबईकडे वापरलेली ट्राइक विकायला निघाली, तर ती आधी पाहावी. तिसरा मार्ग म्हणजे बनवून घेणे, आणि जळगावसारख्या ठिकाणी तो अशक्य नाही, कारण येथे चांगले वेल्डर आणि लेथवाले आहेत. मात्र अवघड काम फ्रेमचे नसून पुढच्या दोन चाकांच्या कोनांचे आहे. ज्या खिळीवर चाक वळते, तिची रेषा खाली वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्याच जागी पडली पाहिजे, नाहीतर एका बाजूचा ब्रेक दाबताच हँडल ओढले जाते. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळायला हवे, त्यासाठी दोन्ही खिळींपासून निघालेल्या स्टीअरिंगच्या दांड्यांच्या रेषा मागच्या ॲक्सलच्या मध्याशी मिळाल्या पाहिजेत. हे सायकलवाल्याला सांगून डोक्यावरून जाईल, ट्रॅक्टरच्या मेकॅनिकला चटकन समजते. अलाइनमेंटही त्याच्याच पद्धतीने करावे: पुढच्या दोन रिममधले अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजावे, पुढचे अंतर मागच्याइतके किंवा एक-दोन मिलिमीटर कमी असावे. हे बिघडले, तर नवे टायर पाहता पाहता गुळगुळीत होतात.

चेन साध्या सायकलीच्या अडीच ते तीन पट लांब असते. तीन चेन घेऊन जोडाव्या लागतात. ती बैठकीखालून पुलीवरून जाते आणि काही भागात नळीतून, म्हणजे पँटला वंगण लागत नाही. ही नळी परदेशातून मागवण्याची गरज नाही. ठिबकच्या कामातली छिद्रे नसलेली काळी नळी चालते; फक्त तिची दोन्ही तोंडे मेणबत्तीवर किंचित गरम करून कर्ण्यासारखी पसरवावीत, नाहीतर चेनचे दुवे कडेला अडकून नळी कुरतडतात. ती लवकर झिजते, हे खरे, पण ठिबकचा तुकडा आपल्याकडे कोणत्याही शेतात पडलेला असतो.

बैठकीचे माप घ्यायला पाच मिनिटे पुरतात. टाच पॅडलवर ठेवली असता सर्वांत दूरच्या स्थितीत पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहतो. त्यासाठी पॅडल बसवलेला पुढचा दांडा आत-बाहेर करतात आणि एक सेंटिमीटर दांडा सरकवला की चेन दोन सेंटिमीटर कमी-जास्त लागते, एवढे धरून चालावे. पहिले काही आठवडे मांड्या भरून येतील, कारण जोर लावण्याची दिशा बदललेली असते, आणि पायाची बोटे बधिर होतील. वजनदार गिअर टाळून पाय भरभर फिरवत राहणे हाच यावर उपाय. मणक्याचा जुना त्रास असेल, तर अर्थातच आधी डॉक्टरांना विचारावे. सरावासाठी जळगावकरांना मेहरूण तलावाभोवतीचा सकाळचा रस्ता पुरेसा आहे.

ऊन आणि रहदारी यांबद्दल थोडक्यात सांगतो. या बैठकीत तोंड आकाशाकडे असते आणि अंग डांबराच्या जवळ, त्यामुळे पारा ४५ अंशांकडे गेला की वरून आणि खालून दोन्हीकडून भाजते. मे महिन्यात सकाळी आठपर्यंत घरी यावे, आणि सीट प्लास्टिकची न घेता जाळीची घ्यावी, म्हणजे पाठ भिजून चिंब होत नाही. सुरत–नागपूर महामार्गावर ट्रकवाल्याच्या बोनेटखाली आपण दिसेनासे होतो. त्यापेक्षा जिल्हा रस्ते बरे, आणि तेथेही माणसाच्या उंचीची काठी, तिच्यावर चमकणाऱ्या केशरी-हिरव्या कापडाची पट्टी, दोन्ही बाजूंना आरसे आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा हवाच. पट्टी भडक असावी, पण कोणत्या पक्षाची किंवा यात्रेची वाटू नये, नाहीतर गावोगावी खुलासे देत बसावे लागते.

व्यवहार ठरवण्याआधी घराचा दरवाजा मोजावा, कारण बहुतेक ट्राइक ७५ ते ८५ सेंटिमीटर रुंद असतात आणि जुन्या घरांची दारे त्याहून अरुंद सापडतात. मग विकणाऱ्याकडून तासभर चालवायला मागावी. सपाट रस्त्यावर दोन्ही हात हँडलवरून किंचित सैल सोडल्यावर ती सरळ जाते का, एकाच बाजूचा ब्रेक दाबल्यावर किती ओढते, आणि एखाद्या पुलाच्या चढावर सर्वांत हलका गिअर खरोखर लागतो का, एवढे पाहावे. तास द्यायला विक्रेता तयार नसेल, तर ती ट्राइक घेऊ नये.