मोट, नाडा, हातोडा, पाना

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे असा निरोप आला, तेव्हा स्मरणिकेत शोभेल असे आपल्याजवळ काय आहे, हा पहिला प्रश्न मला पडला. आपल्या शाळेने डॉक्टर दिले, वकील दिले, साखर कारखान्यांचे अभियंते आणि सैन्यातले अधिकारी दिले. मी स्टेशन मास्तर झालो, आणि तोही अशा लहान स्टेशनांवरचा, जिथून बहुतेक गाड्या न थांबताच निघून जातात. परंतु नोकरी आणि संसार यांच्या रहाटगाडग्यात जी काही थोडीफार श्रद्धा माझ्यापाशी टिकून राहिली, तिचा माग काढू लागलो की मी आठवीच्या वर्गातल्या मराठीच्या एका गृहपाठापाशी येऊन पोहोचतो. म्हणून त्याविषयीच लिहितो.

आपले कुर्डुवाडी हे रेल्वेने घडवलेले गाव. 1897 साली इथून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि 1906 साली तिचे रूळ पंढरपूरला पोहोचले. अडीच फूट अंतरावरचे ते छोटे रूळ, त्यांवरून धूर सोडत जाणारे इवलेसे इंजिन आणि गावातले रेल्वेचे वर्कशॉप यांच्या आसपासच आमचे बालपण गेले. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील फिटर, खलाशी, फायरमन, पॉइंट्समन नाहीतर गँगमन असत. उरलेल्यांचे शेतकरी, हमाल, शिंपी, नाभिक. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पंढरपूरच्या लाइनीवर कीमन होते. रोज पहाटे ठरलेला पाच-सहा किलोमीटरांचा बीट पायी चालायचा, रुळाला स्लीपरशी घट्ट धरून ठेवणारी एकेक चावी पाहायची, सैल असेल ती हातोड्याने ठोकून बसवायची, सांध्यांवरच्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, आणि कुठे रूळ तडकलेला दिसलाच तर लाल झेंडा रोवून, रुळावर फटाके बांधून येणारी गाडी अडवायची, असे ते काम होते. ते नीट झाले तर कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आठवीत आम्हांला मराठी शिकवणाऱ्या सरांनी संत सावता माळी यांचा 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' हा अभंग शिकवायला घेतला. सावतोबांचे अरण हे आपल्याच माढा तालुक्यातले, मोडनिंबच्या शेजारचे. तिथे 1295 साली, आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. बाकीच्या संतांच्या पालख्या आषाढीला पंढरीस जातात, सावतोबांची मात्र मळा सोडून कुठे जात नाही. उलट पांडुरंगाचीच पालखी अरणला येते, हे सांगताना सरांचा आवाज किंचित चढला होता, आणि तालुक्याचा अभिमान आम्हांलाही वाटला होता. अर्थ सांगून झाल्यावर 'मोट नाडा विहीर दोरी, अवघी व्यापिली पंढरी' या ओळीपाशी ते थांबले आणि म्हणाले, "या ओळीत सावतोबांनी आपली हत्यारं मोजली आहेत. उद्या येताना प्रत्येकानं आपापल्या घरातल्या कामाची हत्यारं लिहून आणायची. मनानं लिहायची नाहीत, घरी विचारून लिहायची."

त्या संध्याकाळी अण्णा ओट्यावर तळपायांना तेल चोळत बसले होते. मी वही घेऊन जवळ गेलो, तेव्हा रेल्वेच्या सामानाची ही कसली तरी चौकशी दिसते, असा त्यांना संशय आला. "शाळंत ह्ये कशाला पायजे?" असे त्यांनी दोनदा विचारले. सावतोबांचे नाव काढल्यावर मात्र ते हसले, आत जाऊन पिशवी घेऊन आले आणि एकेक वस्तू ओट्यावर मांडत नावे सांगू लागले: हातोडा, पाना, दोन लाल झेंडे, एक हिरवा, फटाक्यांची डबी. एरवी त्या पिशवीला आम्हां मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हातोड्याला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाई, तेवढेच काय ते दर्शन. त्या दिवशी त्यांनी हातोडा माझ्या हातात दिला. दांडा इतका गुळगुळीत झालेला होता की तो लाकडाचा आहे, हे बोटांना कळू नये. घट्ट बसलेल्या चावीवर मारला तर खणखणीत वाजतो, सैल चावीवर बद्द वाजतो, पण कानाआधी मनगटाला समजते, असे ते म्हणाले. एवढे बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकले होते.

आई चुलीपुढे बसून सगळे ऐकत होती. माझी यादी संपत आली, तशी ती आतूनच म्हणाली, "आन् माझी रं?" मग तवा, उलथने, काठवट, सूप, जाते, फुंकणी अशी तिची हत्यारे त्याच पानावर उतरली. शेवटी तिने डबाही लिहायला लावला. "म्या पाटं चारला डबा भरती, तवा तुझ्या बापाचा हातुडा उठतुय," असे तिचे त्यावरचे स्पष्टीकरण होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या याद्या मोठ्याने वाचून दाखवल्या. लेथ, रापी, वस्तरा, कुळवाची फास, शिंप्याचा गज, हमालाचा आकडा, आणि एका मुलीच्या वहीत फक्त दोनच शब्द, 'झाडू, पाटी'. सरांनी सगळे एकाच लयीत वाचले, जणू अभंगच पुढे चालू आहे. गुण त्यांनी कुणालाच दिले नाहीत. वर्गात एकमेकांच्या बापाच्या धंद्यावरून चिडवाचिडवी नेहमीच चालायची. त्या दिवसानंतर ती बंद झाली असे मी म्हणणार नाही, परंतु 'झाडू, पाटी' लिहिणाऱ्या मुलीला पुन्हा कुणी चिडवलेले मला तरी आठवत नाही.

कुर्डुवाडीहून पंढरपूर ते असे कितीसे लांब! आणि तरीही कीमनच्या नोकरीत अण्णांना आषाढी एकादशीला पंढरपूर कधी गाठता आले नाही. जत्रेत त्या छोट्या गाड्या टपापर्यंत भरून जात, जादा गाड्या सुटत, त्यात पावसाने रुळांखालची माती खचण्याची भीती; मग कसली सुटी आणि कसली वारी? सुटीच्या दिवशी डबा पोहोचवायला म्हणून मी कधी कधी बीटवर जाई. गाडी आली की अण्णा रुळाच्या बाजूला उतरून उभे राहत, हिरवा झेंडा धरत, टपावरची माणसे 'पांडुरंग हरी' म्हणून ओरडत जात, आणि शेवटचा डबा गेल्यावर अण्णा हात जोडत. तुम्ही विठोबाला हात जोडता की वारकऱ्यांना, असे मी एकदा विचारले. "गाडी नीट गेली म्हून," एवढेच ते म्हणाले. निवृत्तीनंतर, रूळ ब्रॉडगेज झाल्यावर, आम्ही त्यांना आग्रहाने एकादशीला नेले. सबंध प्रवास त्यांनी दारात उभे राहून, खाली बघत केला. दर्शनाची रांग पाहून नामदेव पायरीवर डोके टेकवले, कळसाला हात जोडले आणि परतीची गाडी वेळेवर आहे का, याची चौकशी करून या म्हणून मला पिटाळले.

मी स्टेशन मास्तर झालो, तेव्हा हत्यारांची यादी बदलली: ब्लॉक इन्स्ट्रुमेंट, सिग्नलचे पॅनल, टेलिफोन, नोंदवह्या, हिरवा-लाल दिवा. पुढच्या स्टेशनच्या मास्तराने लाइन क्लिअर, म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याची परवानगी, दिल्याखेरीज मी गाडी सोडू शकत नाही. फाटकवाल्याशी बोलताना फाटक बंद केल्याची खात्री तो मला एक आकडा सांगून देतो, त्याला आम्ही प्रायव्हेट नंबर म्हणतो. तो आकडा वहीत लिहिला की विषय संपला. ज्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला नाही, ज्याच्या घरी आज आजारपण आहे की भांडण हे मला ठाऊक नाही, त्याच्या दोन अंकांवर मी हजारो माणसांची गाडी पुढे सोडतो. नवा होतो तेव्हा हे भीतीदायक वाटे. पुढे पुढे माझ्या ध्यानात आले, की देवावर ठेवायचा विश्वास म्हणून ज्याची आपण चर्चा करतो, तो मी रोज आठ तास, हिशेब न ठेवता, माणसांवर ठेवतो आहे, आणि तेही माझ्यावर ठेवीत आहेत.

याच कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे 'ऑल राइट'. न थांबता जाणाऱ्या गाडीसाठीसुद्धा मास्तराने बाहेर येऊन उभे राहायचे असते. कुठे अ‍ॅक्सल तापला आहे का, काही लोंबते आहे का, मालगाडीच्या डब्याचे दार उघडे आहे का, हे पाहायचे आणि हिरवा झेंडा किंवा दिवा दाखवायचा. इंजिनातून चालक आणि शेवटच्या डब्यातून गार्ड तसाच हिरवा दाखवतात. (2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायचे, असा हुकूम आहे, आमच्या तोंडातून अजून गार्डच निघते.) पौषातल्या थंडीत रात्री तीन वाजता दोन माणसे एकमेकांना क्षणभर दिवा दाखवतात आणि पुन्हा कधी भेटत नाहीत. पंचवीस वर्षांचा असताना हा मला निव्वळ नियम वाटत होता. आता गाडी गेल्यावर माझे हात आपोआप जुळतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. 'कामातच देव पाहावा' हे वाक्य मी अशाही एका वरिष्ठाच्या तोंडून ऐकले आहे, ज्याने एका गँगमनला लेकीच्या साखरपुड्याची रजा त्याच दमात नाकारली होती. मला त्याचा आजही राग येतो. सावतोबा स्वतःच्या मळ्यात राबत होते, त्यांची मोट त्यांच्या मनाने चालत होती. गँगमन दुसऱ्याच्या हुकमाने भर उन्हात रुळावर उभा असतो, आणि मागून येणारी गाडी न कळल्यामुळे जिवास मुकलेली माणसे आमच्या खात्याने पाहिली आहेत. कष्ट करणाऱ्याने आपल्या हत्याराला हात जोडणे वेगळे आणि कष्ट करवून घेणाऱ्याने त्याला तसे जोडायला सांगणे वेगळे. अण्णांनी हातोडा पुजला, तसा युनियनचा मोर्चाही कधी चुकवला नाही, आणि त्या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणी सुखाने नांदत होत्या.

घरी या साऱ्याचा भार पत्नीने उचलला. आमच्याकडे सण पंचांगावर ठरत नाहीत, ड्युटीच्या तक्त्यावर ठरतात. लक्ष्मीपूजनाला माझी चार ते बारा असेल तर ती पूजा मुहूर्तावर करून घेते, पण फराळाचे पहिले ताट मी आल्यावर, मध्यरात्रीनंतर, वाढते, आणि मुले लहान होती तेव्हा त्यांना त्यासाठी उठवीत असे. झोपेतून उठून, डोळे चोळत करंजी खाणारी मुले, हीच आमची दिवाळी. रात्रपाळी करून मी दिवसा झोपलो की ती भांड्यांचा आवाज होऊ देत नसे; शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या तरी मागच्या दाराने येत. याबद्दल आभार मानायचे असतात, हे मला कुणी शिकवले नव्हते, आभार हा शब्द घरात वापरला तर आजही ती "बरं वाटत नाही का?" असे विचारते. म्हणून मी पाळी नसेल त्या दिवशी पहाटे चारला उठतो आणि डबा भरतो. मुलगी सोलापुरात परिचारिका आहे, तिच्याही पाळ्या फिरत्या, आणि सुटीला घरी आली की तिचा सकाळचा डबा माझ्याकडे असतो. भाजीत मीठ कमी असते, अशी तिची तक्रार आहे.

मार्च 2020 मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, तेव्हा नोकरीत पहिल्यांदाच फलाट दिवसचे दिवस मोकळा पाहिला. मालगाड्या मात्र धान्य, कोळसा, खत घेऊन चालू होत्या, आणि त्यांच्यासाठी आम्हीही. त्या वर्षी 1 जुलैच्या आषाढीला पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरीस गेल्या, आणि आयुष्यात प्रथमच मला आषाढीला जत्रेची एकही गाडी सोडायची नव्हती. मग सांगोल्याहून किसान रेल सुरू झाल्या. देशातली शंभरावी किसान रेल 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. आमच्या लाइनीवरून अशा गाड्या जात, तेव्हा त्यांत डाळिंबे, द्राक्षे, कोबी, मिरची, शेवगा आणि कांदा असे. डब्यांची दारे बंद असत, परंतु गाडी गेल्यावर कांद्याचा वास फलाटावर थोडा वेळ रेंगाळे. त्या दिवसांत मुलगी पंधरा-पंधरा दिवस घरी येत नव्हती, तिच्या काळजीने झोप उडालेली होती, आणि तो वास आला की सरांनी शिकवलेली 'कांदा मुळा भाजी' ही ओळ हटकून आठवे. काळजी त्याने कमी झाली नाही. काम करीत राहण्यापुरते बळ मिळाले.

आता निवृत्तीला थोडेच महिने उरले आहेत. येत्या आषाढीला पायी जावे, कुर्डुवाडीहून रुळाच्या कडेकडेने, अण्णांच्या बीटवरून, असे माझ्या मनात आहे. पत्नीला ते अजिबात मान्य नाही. तिचे गुडघे दुखतात हे एक. शिवाय एकादशीच्या गर्दीत एखादी गाडी उशिरा धावत असल्याचे कळले की तुम्ही वारी सोडून मास्तरच्या खोलीत जाऊन बसाल, असे तिचे म्हणणे आहे. त्यापेक्षा कार्तिकी उलटल्यावर एखाद्या साध्या दिवशी सकाळच्या गाडीने जाऊ, दर्शन नीट होईल आणि येताना अरणही करता येईल, असे तिने सुचवले आहे. मुलीला त्या सुमारास रजा मिळण्यासारखी आहे, त्यामुळे बहुधा तसेच ठरेल.