सड्यावर मानवरहित वाहन चालेल का?

लष्करी ड्रोनविषयी आता मराठीतही भरपूर वाचायला मिळते, परंतु जमिनीवरून चालणाऱ्या मानवरहित वाहनांची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. वास्तविक तांत्रिकदृष्ट्या हेच काम अधिक कठीण आहे, कारण आकाशात गडगे नसतात, चिखल नसतो आणि करवंदीच्या जाळ्याही नसतात. कोकणात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही कल्पना जुनी आहे. सोव्हिएत सैन्याने १९३९-४० च्या फिनलंडविरुद्धच्या युद्धात रेडिओने चालणारे रणगाडे वापरले, तर जर्मनीने १९४२ पासून ‘गोलियाथ’ हे तारेला बांधलेले, स्फोटके घेऊन शत्रूकडे सरपटत जाणारे बुटके वाहन रणांगणात आणले. त्याची तार तुटली की ते जागीच निकामी होत असे.

नियंत्रणाचा हा दुवा तुटण्याची अडचण आजही संपलेली नाही, हे रशियाच्या ‘उरान-९’ने दाखवून दिले. तीस मिलिमीटरची तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे बसवलेले हे वाहन २०१८ मध्ये सीरियात नेण्यात आले. कित्येक किलोमीटरवरून चालवता येईल अशी त्याची ख्याती होती. प्रत्यक्षात इमारतींच्या गर्दीत ते ३०० ते ५०० मीटरपलीकडे धडपणे नियंत्रणात राहिले नाही. रशियन तज्ज्ञांनीच नंतर मांडलेल्या निरीक्षणांनुसार संपर्क वारंवार, क्वचित तास-दीड तासापर्यंतही तुटला आणि चालता चालता अचूक मारा करणे त्याला जमले नाही. माझ्या मते या प्रकरणात तोफेपेक्षा रेडिओचे अपयश अधिक बोलके आहे, कारण ज्याच्याशी संपर्क नाही असे सशस्त्र वाहन शत्रूइतकेच आपल्या सैनिकांनाही नकोसे वाटते.

आता हेच वाहन टेहळणीसाठी एखाद्या खाडीलगतच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, सोडल्याची कल्पना करावी. पावसाने भिजलेली दाट झाडी रेडिओलहरी शोषून घेते आणि दोन टेकाडांच्या मधल्या घळीत तर थेट दृष्टिरेषाच उरत नाही. श्रावण-भाद्रपदात सड्यावर वाढलेले गवत लेसरने अंतर मोजणाऱ्या संवेदकाला भिंतीसारखे भासू शकते; उलट त्याच गवताआड दडलेली सोडून दिलेली चिरेखाण अगदी जवळ जाईपर्यंत त्याला दिसत नाही, कारण उंचवट्यापेक्षा खड्डा ओळखणे यंत्राला नेहमीच जड जाते. पाखाडीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर साखळीपट्टेही घसरतात. खाजणातल्या, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या दलदलीतल्या, गाळात पट्ट्यांमुळे वजन पसरते हे खरे, पण कांदळवनाची मुळे त्या पट्ट्यांत अडकली की वाहन सोडवायला शेवटी माणूसच पाठवावा लागणार, आणि मग ते मानवरहित ठेवण्याचा हेतूच उरत नाही.

भारतात या क्षेत्रातले सर्वांत परिचित नाव म्हणजे डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातील दिघीच्या (आपल्या रायगडातील बंदराच्या नव्हे) प्रयोगशाळेने घडवलेले ‘दक्ष’. संशयास्पद वस्तूचे क्ष-किरण चित्र घेणे आणि पाण्याच्या वेगवान झोताने बॉम्ब निकामी करणे ही त्याची कामे असून सुमारे ५०० मीटरवरून ते चालवता येते. त्याचा आवाका मर्यादित आहे, परंतु काम नेमके आहे आणि त्यामुळेच ते उपयोगी पडते. चेन्नईजवळच्या आवडी येथे बीएमपी-२ या चिलखती वाहनावर आधारलेले ‘मंत्रा’ तयार झाले. त्याचे टेहळणीचे, सुरुंग शोधण्याचे आणि अण्वस्त्र वा रासायनिक हल्ल्याने दूषित झालेल्या भागात जाण्याचे असे तीन प्रकार आहेत.

युक्रेनच्या युद्धातही लहान वाहनांचा मोठा वापर दारूगोळा व पाणी पुढे नेण्यासाठी आणि जखमींना मागे आणण्यासाठी झाला. शत्रू रेडिओ जाम करतो म्हणून तेथे काही वाहनांना प्रकाशतंतूची बारीक तार जोडली जाते, म्हणजे गोलियाथची तार वेगळ्या रूपात परतली आहे.

१९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, तेव्हापासून या किनाऱ्याच्या पहाऱ्याची चर्चा सतत होत आली आहे. त्या पहाऱ्यात अशी वाहने आणायची असतील, तर त्यांच्यावर बंदूक बसवण्याची घाई करू नये. आधी त्यांना कॅमेरा आणि ओझे घेऊन भर आषाढात, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत, खाजणातून आणि सड्यावरून चालवून पाहावे. राजस्थानच्या कोरड्या वाळूत झालेली चाचणी इथल्या गाळाविषयी काहीच सांगत नाही.