वासराशिवाय श्नित्सेल

व्हिएन्नात नुसतं ‘वीनर श्नित्सेल’ असं मेन्यूकार्डावर लिहिलं असेल, तर ते वासराच्याच मांसाचं असावं लागतं. ऑस्ट्रियाच्या अन्नसंहितेत तसा नियमच आहे. डुकराचं मांस वापरलं तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. मांडीच्या मांसाचा पातळ काप ठोकून चार-पाच मिलिमीटर जाडीचा करायचा, आधी मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात आणि शेवटी ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचा आणि भरपूर तुपात तळायचा. तूप म्हणजे अगदी आपलंच, लोणी कढवून केलेलं. म्हणजे ताटात वासरूही आलं आणि त्याच्या वाट्याच्या दुधाचं तूपही.

माझं माहेर कुडाळजवळचं. घरी गाई होत्या. लाकडी नांगर होता तोवर पाड्याला, म्हणजे नर वासराला, घरात काम होतं, पॉवर टिलर आल्यावर ते गेलं. मग पाडा जन्मला की त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न घरात उभा राहायचा आणि त्याचं उत्तर आम्हा मुलांसमोर कुणी द्यायचं नाही. युरोपातलं गणितही हेच आहे. दूध हवं तर गाय व्यायला हवी, आणि झालेल्या वासरांत निम्मे पाडे. दुभत्या जातीच्या त्या पाड्यांचा मोठा वाटा वासराच्या मांसाकडे जातो. हे नीट समजल्यावर मी मांसाबरोबर दूध-तूप आणि अंडीही सोडली. नुसतं मांस सोडून दूध चालू ठेवणं मला पटेना.

पण मी राहते व्हिएन्नात, नवरा इथला, आणि रविवारी सासूबाईंकडे श्नित्सेल असतं. मी सोबत डबा न्यायचे. कुणाची तक्रार नव्हती. मलाच ते वेगळं ताट नको होतं. बटाट्याची तीच कोशिंबीर, लिंबाची तीच फोड आणि शेजारी तेच सोनेरी श्नित्सेल, एवढं मला हवं होतं.

दुकानात तयार व्हीगन श्नित्सेल मिळतं, फ्रीझर भरून मिळतं. पोटाला चालतं, पण त्याचं आवरण आतल्या भागाला यंत्राने घट्ट चिकटवलेलं असतं. चांगल्या श्नित्सेलचं आवरण मांसापासून सुटलेलं असतं. वर लाटा येतात, सुरी लावली की करकर वाजते आणि आत पोकळी दिसते. सासूबाईंची कढई मी कितीतरी वेळा शेजारी उभी राहून पाहिली होती. दोन बोटं खोल तूप, त्यात श्नित्सेल तरंगतंय, आणि त्या दांडा धरून कढई सारखी गोल हिंदकळवतायत. गरम तूप वरच्या बाजूवरून वाहतं आणि आवरण हळूहळू फुगायला लागतं.

तिथेच मला लक्षात आलं की आपल्याकडची काप करायची पद्धत इथे चालणार नाही. सुरणाचे, नीरफणसाचे, वांग्याचे काप आपण आगळ (कोकमाचा खारवलेला रस), हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवतो. रवा तळहाताने दाबून बसवतो, आणि तो घट्ट बसावा हेच आपल्याला हवं असतं. माझ्या हाताला तीच सवय. श्नित्सेलचा चुरा मात्र दाबायचा नसतो. “घोळव आणि उचल, त्याला हात लावू नकोस,” हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. घोळवल्याबरोबर तळायचं, कारण ठेवलं तर चुरा ओलसर होऊन चिकटून बसतो.

फुगतं का, तर आवरणाचा बाहेरचा थर गरम तुपात क्षणात घट्ट होतो. अंड्यातली प्रथिनं गोठून त्याचा पापुद्रा तयार होतो. आत मांसातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि ती पापुद्रा वर उचलते. मधला मैद्याचा कोरडा थर मांस आणि अंडं एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणजे मला दोन गोष्टी हव्या होत्या: गरम होताच पापुद्रा धरणारं काहीतरी आणि वाफ देणारं काहीतरी. मांसासारखं लागणारं काही शोधायची गरजच नव्हती. हे कळायला मला वेळ लागला, कारण व्हीगन श्नित्सेल म्हटलं की सगळे आधी मांसाच्या पर्यायाबद्दलच बोलतात.

मीही सुरुवात सेइतानपासूनच केली. गव्हाचं ग्लुटेन पाण्यात मळून रश्श्यात मंद आचेवर शिजवायचं. रस्सा खळखळ उकळला तर ते स्पंजासारखं होतं, म्हणून आच अगदी मंद. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी पातळ काप केले. दाताखाली तंतू लागतात, सोया सॉस आणि सुक्या मशरूमच्या रश्श्याने चवही चांगली येते. पण आवरण उचललंच गेलं नाही. ग्लुटेन पाणी धरून ठेवतं, सोडत नाही, त्यामुळे वाफ कमी. तळल्यावर ते चांगल्या कटलेटसारखं लागलं. सोयाच्या चपट्या वड्यांचंही तसंच, वर सोयाचा वास. फणसाचे गरे तंतुमय खरे, पण त्याचा एकसंध काप निघत नाही.

मग भाज्यांकडे वळले, आणि इथे व्हिएन्नाच मदतीला आली. या शहराला काहीही चुऱ्यात घोळवून तळायची हौस आहे. कोंबडी तळतात, नाताळात कार्प मासा तळतात, आणि मशरूम, फ्लॉवर, सेलरीचा कंद हेसुद्धा. सेलरीच्या कंदाचं श्नित्सेल इथल्या घरांत जुनंच आहे, फक्त त्यात अंडं असतं. आपल्याकडे सेलरीचे दांडे माहीत आहेत, तिचा कंद क्वचित दिसतो. वरून ओबडधोबड, मुळ्यांनी भरलेला, नारळाएवढा. आत पांढरा, आणि वास सेलरी आणि अक्रोडाच्या मधला.

नवलकोलही करून पाहिला. गोडसर, छान लागतो, पण पाणी फार. आवरण फुगून फुटतं आणि तेल आत जातं. सेलरीच्या कंदात पाणी असतं, पण बेताचं. फक्त तो कसा शिजवायचा यावर सगळं ठरतं. काप करून मिठाच्या पाण्यात उकडले की ते पाणी पितात आणि कढईत नवलकोलासारखेच वागतात. आख्खा कंद सालीसकट धुऊन, फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंशांवर भाजला की चव एकवटते. पाऊण किलोच्या कंदाला तासभर, कधी सव्वा तास. सळई आत जावी, पण शेवटी थोडी अडावी. पूर्ण गार झाल्यावर सोलायचा, सात-आठ मिलिमीटरचे गोल काप करायचे, मीठ-मिरी लावायची आणि कपड्याने टिपायचे. गरम असताना कापला तर कडा तुटतात.

आता आवरण. अंड्याऐवजी काय, याला आपल्या माणसाच्या तोंडी पहिलं उत्तर बेसन. बेसनाचं पातळ पीठ चुरा घट्ट धरतं, पण लवकर काळवंडतं आणि पहिल्या घासाला भजी आठवते. भजी मला प्रिय आहे, पण तिची जागा वेगळी. जवसाचं पाणी बुळबुळीत होतं आणि आवरणावर डाग पडतात. सोयाचं दूध आणि मैदा यांचं बरं जमतं. चुरा बसतो, रंग येतो, पण कडेला भेगा जातात आणि वाफ तिथून निसटते.

जमलं ते छोल्यांच्या पाण्याने. डब्यातल्या किंवा घरी शिजवलेल्या छोल्यांचं जे दाट पाणी आपण ओतून देतो तेच. फ्रान्समधल्या ज्योएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की कडधान्यांचं हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, आणि तेव्हापासून जगभरचे व्हीगन लोक त्याचे मेरिंग, म्हणजे साखर घालून फेटलेल्या फेसाचा गोड पदार्थ, करतात. मला फेस नको होता, मला त्यातली थोडीशी प्रथिनं आणि स्टार्च हवे होते. घरचं पाणी पातळ असेल तर आटवून निम्मं करते. चार कापांना दीडशे मिलिलिटर पाणी, त्यात चार टेबलस्पून मैदा, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, एक छोटा चमचा तयार मोहरी आणि चिमूटभर काळं मीठ. काळ्या मिठातल्या गंधकाने अंड्याचा तो ओळखीचा वास येतो; चिमूट मोठी झाली तर मात्र पाणीपुरी होते. चमचा बुडवून काढला की मागे पातळ थर राहावा, एवढीच दाटी. दाट झालं की आवरण जड होतं आणि उचललं जात नाही.

चुरा इथल्या झेमेल पावाचा. झेमेल म्हणजे वरून पाच पाकळ्या असलेला गोल पाव, आपल्या पावापेक्षा कडक. बहुतेक बेकऱ्यांत तो पीठ, पाणी, यीस्ट आणि मिठाचाच असतो, तरी दुधाचं विचारून घेते. दोन-तीन दिवस वाळवून किसते. जपानी पांको चुरा जाड असतो. त्याने कुरकुरीतपणा येतो, पण लाटा येत नाहीत. श्नित्सेलला बारीक आणि कोरडाच चुरा हवा.

तुपाची जागा भरणं सगळ्यात अवघड. त्याचा खमंगपणा सूर्यफुलाच्या तेलात मुळीच नाही. शेवटी शेंगदाणा तेलावर आले. घाण्याचं तेल वापरलं तर शेंगदाणाच पुढे येतो, म्हणून रिफाइंड, त्यात दोन चमचे घाण्याचं. तूप नाही झालं, होणारही नाही. पण कंदाच्या अक्रोडी वासाशी हे तेल जुळतं, आणि मला ते जास्त आवडायला लागलंय. १७० अंश. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर चुरा टाकायचा: लगेच फसफसायला हवा, पण लगेच तांबूस व्हायला नको.

पहिल्यांदा आवरण उचललं गेलं ते कडेकडून. काप तेलात सोडला, मी कढई हिंदकळवायला लागले, आणि डाव्या कडेला बोटभर फुगा आला. मग मध्ये एक, मग दोन्ही एकमेकांत मिसळले. उलटल्यावर दुसरी बाजू तेवढी उचलली नाही, तिथे तेल पोचत नव्हतं. त्यानंतर मी तेल वाढवलं आणि एका वेळी एकच काप सोडायला लागले. प्रत्येक बाजूला साधारण दीड-दोन मिनिटं. जाळीवर काढायचं, कागदावर ठेवलं तर खालची बाजू मऊ पडते.

बाकीचं ताट सोपं होतं. व्हिएन्नाच्या बटाट्याच्या कोशिंबिरीत मेयोनेज नसतंच. चिकट जातीचे बटाटे उकडून गरम असतानाच चकत्या करायच्या, त्यावर गरम रस्सा, व्हिनेगर, तेल, मोहरी, लाल कांदा. रस्सा गोमांसाचा असतो, तो भाज्यांचा केला की झालं. बटाट्यातला स्टार्च सुटून सगळं आपोआप दाट होतं. सोबत लिंगनबेरी या आंबट लाल फळांचा मुरांबा आणि लिंबू.

रविवारी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात दोन कढया लागल्या, एक त्यांची, एक माझी. त्यांनी माझी कढई पाहिली, दांड्यावर हात ठेवून हिंदकळवायचा वेग जरा वाढवला आणि काही बोलल्या नाहीत. जेवताना माझ्यातला अर्धा घेतला. “आवरण बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कंद अजून पातळ काप, आणि मीठ आतच लाव, वर नको.” दोन्ही सूचना बरोबर होत्या. आता मी काप पाच मिलिमीटरचेच करते. वासराचं श्नित्सेल त्या अजून करतात, आणि मी त्यांना ते सोडा असं म्हटलेलं नाही. माझं श्नित्सेल मात्र आता त्यांच्याच टेबलावर असतं, डब्यात नाही.

आता मला पॅरासोल मशरूमवर हेच आवरण करून पाहायचंय. उन्हाळ्याच्या शेवटी इथल्या जंगलांत उगवतात, छत्री उघडली की ताटाएवढी होते, आणि ती आख्खी घोळवून तळायची ऑस्ट्रियात जुनी रीत आहे. सारखी दिसणारी विषारी मशरूम असतात, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नये. व्हिएन्नाच्या बाजार कार्यालयात तज्ज्ञ मशरूम तपासून देतात, तिथे दाखवूनच घरी न्यावीत. पॅरासोल कच्चं खायचं नसतं, नीट तळलं गेलं पाहिजे. त्यामुळे तेल १६० अंशांवर ठेवून थोडा जास्त वेळ द्यावा लागेल, आणि तेवढा वेळ छोल्यांच्या पाण्याचा पापुद्रा टिकतो का ते पाहावं लागेल. टिकावा म्हणून कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढवून बघणार आहे.