तिरका अँटेना आणि ५३० चा मक्स

अखेर टीव्हीवर ५३० मेगाहर्ट्झचा मक्स (एकाच फ्रीक्वेन्सीवर येणारा डिजिटल चॅनेलांचा गठ्ठा) लागला! मागच्या नोंदीत ज्याच्या नावानं शिमगा केला, तोच. तेव्हा स्ट्रेंग्थ (सिग्नलचा जोर) ८८, क्वालिटी (त्याचा स्वच्छपणा) जेमतेम ३५, चित्राचे सारखे चौकोनी तुकडे. बाकीचे मक्स त्याच जागी ठणठणीत.

बरेच जण म्हणाले, बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लाव. मला ते पटलं नव्हतं. स्ट्रेंग्थ असताना क्वालिटी पडत असेल तर बूस्टर तोच खराब सिग्नल मोठा करणार, वर स्वतःचा नॉइज घालणार. माझा संशय बाजूच्या लोखंडी कपाटावर होता. खिडकीतून थेट येणारी लाट आणि कपाटावरून उलटलेली लाट एकमेकींना खात असणार. कपाट हलवायला घरून साफ नकार.

मग अँटेना सरकवत बसलो. इथे तरंगलांबी साधारण ५७ सेंमी, त्यामुळे वीतभर सरकवलं तरी चित्र पालटतं. खिडकीच्या चौकटीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, प्रत्येक खुणेला आकडा. गंमत म्हणजे हात लावून उभा असेपर्यंत क्वालिटी ७०, बाजूला झालो की धाडकन खाली. माझं शरीरच त्या खेळात सामील. म्हणून आकडे खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊनच वाचायचे. एक जागा सापडली, तर तिथे ६०० च्या वरचा मक्स गेला. प्रत्येक फ्रीक्वेन्सीचे खड्डे, म्हणजे सिग्नल पडण्याच्या जागा, वेगळे. डोकं फिरायची वेळ आली.

तोडगा दिशेत निघाला. हे चपटे अँटेना पुढून आणि मागून सारखंच ऐकतात, टोकांकडून मात्र जवळजवळ बहिरे. (खोक्यावरचा ‘इतक्या मैलांपर्यंत’ हा दावा हसून सोडून द्यायचा.) तेव्हा टॉवरकडे तोंड करायचा हट्ट सोडला आणि आडव्या अँटेनाचं एक टोक थेट कपाटाकडे रोखलं. टॉवरला तो आता चांगलाच तिरका आहे. स्ट्रेंग्थ ७४ वर उतरली, क्वालिटी ९०! ६०० वालाही शाबूत. रात्रभर चालू ठेवला, एकदाही अडकला नाही.

पुढे चार बो-टायचा (बो-टायच्या आकाराचे चार तुकडे जोडलेला) अँटेना बांधणार होतो. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी याच्याच मागे १३-१४ सेंमीवर तारेची जाळी लावून बघावी, म्हणजे पाठीमागून येणारं परावर्तनही दबेल. व्हीएचएफच्या (खालच्या फ्रीक्वेन्सींच्या) कांड्या वेगळ्याच ठेवतो. २०० मेगाहर्ट्झला एकेक ३७ सेंमीच्या आसपास लागते, जाळीजवळ त्या कशा वागतील ते लावल्यावरच कळेल.