काट्याची तार

शेठचा फोन शुक्रवारी संध्याकाळी आला. "भाऊ, त्या डब्यावर पिवळा दिवा लागलाय. आधी हिरवा असायचा ना?"

मी मोटरसायकल कडेला घेतली. तो डबा म्हणजे शेठच्या जिनिंगमधला (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) जुना सर्व्हर. तीन डिस्कच्या रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी जोडणी) मधली एक गेली होती, हे फोनवरच कळत होतं. दोन डिस्कवर गाडं चालू होतं, पण आणखी एक गेली की सगळंच संपलं. नोव्हेंबर २०१४, दिवाळी होऊन गेलेली, कापसाचा हंगाम ऐन भरात. नवा सर्व्हर उन्हाळ्यातच येऊन पडला होता. त्यावर ईएसएक्सआय ५.५ (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून मी तो जिनिंगच्या ऑफिसात उभा करून ठेवला होता आणि जुनं मशीन जसंच्या तसं व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, करून त्यात न्यायचं ठरलं होतं. पण "पाऊस पडू द्या", "गणपती होऊ द्या", "दिवाळी होऊ द्या" करता करता मुहूर्त लागला तो असा.

शनिवारी दुपारी जळगावहून पाळधीमार्गे धरणगावकडे निघालो. जिनिंग रस्त्याला लागूनच आहे. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला वजनकाटा, काट्याला चिकटून एक खोली, आणि जुना सर्व्हर त्याच खोलीत. ऑफिस आवाराच्या पलीकडच्या टोकाला. सर्व्हर ऑफिसात का नाही, हे मी पूर्वी एकदा विचारलं होतं. "बिलांचा प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराने तिथंच लावला, तेव्हापासून तिथंच आहे," एवढंच उत्तर मिळालं होतं. आणखी दोन प्रश्न तेव्हाच विचारले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

बाजूचं झाकण काढलं तर आत अक्षरशः गादी भरलेली. जिनिंगमध्ये रुईचं तूस हवेत तरंगत असतं, पंखा ते ओढतो आणि आत थर बसत जातो. प्रोसेसरच्या हीटसिंकवर बोटभर जाडीचा पांढरा थर होता, जुन्या उशीतून काढल्यासारखा. हात लावायचा मोह झाला, पण आवरला. वर्षानुवर्षं न थांबता फिरणारी डिस्क एकदा थंड पडली की पुन्हा फिरेलच असं नसतं. म्हणून मशीन चालू ठेवूनच कॉपी काढायची. कन्व्हर्टर नावाचा प्रोग्राम हे काम करतो. चालत्या विंडोजचा त्या क्षणीचा फोटो घेतल्यासारखी नक्कल उचलतो. आत विंडोज सर्व्हर २००३ आणि बिलांच्या प्रोग्रामचा डेटा सांभाळणारं एसक्यूएल. रात्री आठला शेवटची गाडी उतरल्यावर एसक्यूएलची सर्व्हिस बंद केली, म्हणजे नक्कल अर्धवट व्यवहारावर पडणार नाही, आणि कॉपी सुरू केली.

राहिलेला वेळ दाखवला ३१ तास.

एवढ्याशा डेटाला ३१ तास? आधी डिस्कवर संशय घेतला, मग तुसावर. शेवटी नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये सापडलं. कोणीतरी कार्ड '१०० फुल डुप्लेक्स' वर खिळवून ठेवलं होतं आणि समोरचा स्विच ऑटोवर. एका टोकाने हट्टाने फुल धरलं की ऑटोवालं टोक बोलणीच करू शकत नाही, ते हाफवर जाऊन बसतं. मग एकजण एकाच वेळी बोलतो-ऐकतो, दुसऱ्याला वाटतं टक्कर झाली, आणि डेटाची पाकिटं पुन्हा पुन्हा जात राहतात. रोजच्या बिलांना फरक पडत नव्हता म्हणून इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही. कार्ड ऑटोवर टाकलं, कॉपी पुन्हा सुरू केली, साडेतीन तासांवर आली. मी शेवभाजी खाऊन ऑफिसातच आडवा झालो.

रविवारी पहाटे व्हीएम पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी निळ्या पडद्याची वाट पाहत होतो. फिजिकलवरून व्हीएमवर गेलेलं विंडोज बरेचदा शून्य-एक्स-सात-बी देऊन पडतं. जुन्या रेड कार्डाचा ड्रायव्हर त्याला माहीत, नव्या खोट्या कंट्रोलरचा नाही, मग स्वतःचीच डिस्क सापडत नाही. त्याची तयारी करून बसलो होतो. आली भलतीच ओळ: एचएएल डॉट डीएलएल फाइल नाही किंवा खराब आहे.

फाइल धडधाकट होती. विंडोजचा हा निरोप फार दिशाभूल करतो. लोक ती फाइल दहा वेळा बदलतात आणि दहा वेळा तीच ओळ बघतात. खरी गोष्ट अशी की जुन्या डिस्कच्या सुरुवातीला कंपनीने स्वतःच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटं पार्टिशन ठेवलेलं असतं. व्हीएममध्ये ते काय कामाचं, म्हणून मी कॉपीतून वगळलं. आता विंडोज पहिल्या पार्टिशनवर आलं, पण बूट डॉट आयएनआय (विंडोज कुठून उठवायचं ते सांगणारी फाइल) मध्ये लिहिलेलं अजून 'पार्टिशन २'. बिचारं घर क्रमांक दोन शोधतंय आणि गल्लीत घर एकच. ती डिस्क दुसऱ्या व्हीएमला जोडली, दोनचा एक केला आणि विंडोज उठलं.

मग नेहमीची उस्तवार. जुन्या आयपीचा (नेटवर्कवरचा पत्ता) नंबर टाकायला गेलो तर म्हणे हा नंबर दुसऱ्या कार्डाकडे आहे. ते कार्ड म्हणजे जुन्या डब्यातलं, आता अस्तित्वात नसलेलं, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, अजून नांदणारं. कमांडमधून लपलेली उपकरणं दिसतील असं केलं आणि डिव्हाइस मॅनेजरमधून त्या फिक्या रंगाच्या भुताला काढलं. जुन्या रेड कार्डावर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस बोंबलत होत्या, त्या काढून टाकल्या. संध्याकाळपर्यंत ऑफिसातले चारही पीसी नव्या व्हीएमवर बिलं काढत होते. मी काट्याच्या खोलीत जाऊन जुना सर्व्हर रीतसर बंद केला, मागच्या तारा काढल्या. वीज, लॅन, आणि एक जाड करडी तार, नऊ पिनांची. ती यूपीएसची सिग्नलची तार समजून मी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. अशी तार बऱ्याच यूपीएसला असते, मी शंभर वेळा पाहिली आहे.

सोमवारी सकाळी साडेसातला काट्यावरचे नाना ऑफिसच्या दारात उभे. "भाऊ, वजन येत नाही हो."

फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. मध्ये दोन छोटे हत्ती, म्हणजे छोटे टेम्पो. नानांसाठी काट्याच्या खोलीत एक पीसी होताच, त्यावर बिलाचा पडदा नीट दिसत होता. पण वजनाच्या चौकटीत शून्य आणि खाली लाल ओळ: कॉम-१ सापडत नाही. काट्याच्या इंडिकेटरवर मात्र लाल आकडे ठळक होते. ती करडी तार यूपीएसची नव्हतीच. ती काट्याच्या इंडिकेटरमधून निघून थेट सर्व्हरच्या सिरियल पोर्टमध्ये, म्हणजे कॉम-१ मध्ये, जात होती. वजन आधी सर्व्हरला कळायचं आणि तिथून नानांच्या पडद्यावर यायचं. सर्व्हर काट्याच्या खोलीत का ठेवला होता, याचं उत्तर एवढंच होतं.

आकडा वाचून हाताने टाकला तर? नानांनी मान हलवली. प्रोग्राममध्ये हाताने वजन टाकताच येत नाही. शेठच्या वडिलांनी तशी अट घातली होती. भरलेल्या गाडीचं वजन काट्यानेच द्यायचं, रिकाम्या गाडीचंही काट्यानेच, मध्ये माणसाचं बोट नको. गावोगावचे शेतकरी इथे माल आणतात ते त्या चिठ्ठीच्या भरवशावर.

मग मी सोपा रस्ता धरला: जुना सर्व्हर परत चालू करायचा. बटण दाबलं, पंखे घरघरले, रेड कार्ड शिट्टी मारू लागलं. दुसरी डिस्क फिरलीच नाही. शनिवारी मी जी भीती धरून तुसाला हात लावला नव्हता, ती रविवारी संध्याकाळी मीच स्वतः बटण दाबून खरी केली होती.

बाहेर एका ट्रॅक्टरवरचे आबा खाली उतरून खिडकीशी आले. "काय भो, काटा बंद पडना का?"

"काटा चालू शे, आबा," नाना म्हणाले, "चिठ्ठी बंद शे." आणि त्यांनी खणातून जुनं पावतीबुक काढलं, कार्बन घातला आणि हाताने लिहायला लागले. त्या एका गोष्टीने मला अडीच तास मिळाले.

व्हीएम ऑफिसात, काटा आवाराच्या दुसऱ्या टोकाला. सिरियलची तार नियमाने पंधराएक मीटरपर्यंत भरवशाची, इथे नव्वद पावलं. सिरियलचं लॅन करून देणारी छोटी डबी मिळते, पण ती मागवायला दोन दिवस. हाताशी काय? काट्याच्या खोलीतला नानांचा एक्सपीवाला पीसी, त्याच्या मागे कॉम पोर्ट, आणि ऑफिसपर्यंत आधीच ओढलेली लॅन. करडी तार त्या पीसीला लावली. हायपरटर्मिनल (पोर्टवर येणारं थेट दाखवणारा प्रोग्राम) उघडलं तर पडद्यावर चौकोन, हृदयाची चिन्हं, उलटे प्रश्नचिन्ह. वेग चुकलेला. ९६०० चे ४८०० केले, तेच. मग डोक्यात आलं की प्रोग्रामला हे ठाऊक असणारच. व्हीएममध्ये त्याच्या फोल्डरात एक आयएनआय फाइल होती आणि तिच्यात एक ओळ: २४००, ई, ७, १. म्हणजे वेग २४००, इव्हन पॅरिटी, सात बिट, एक स्टॉप. ते टाकल्यावर चौकोन गेले आणि पडद्यावर आकडे एकाखाली एक सरकायला लागले, सेकंदाला चार-पाच वेळा. खिडकीबाहेर ट्रॉलीवरून एक पोरगा उडी मारून उतरला आणि शेवटचे दोन आकडे लगेच बदलले. इतका सुंदर आकडा मी आधी पाहिला नव्हता.

मोबाइलच्या नेटवरून कॉमझिरोकॉम उतरवलं. तो खोटे सिरियल पोर्ट जोडीने तयार करतो, आणि सोबतचं छोटं साधन पोर्टवरचे आकडे नेटवर्कवरून पाठवतं. नानांचा पीसी खरा पोर्ट वाचून पाठवणार, व्हीएममध्ये खोटा पोर्ट ते घेणार, प्रोग्रामला वाटणार तार लागलेलीच आहे. पण खोट्या पोर्टला कॉम-१ नाव काही मिळेना, म्हणे ते वापरात आहे. पुन्हा तेच: जुन्या डब्याचा कॉम-१, कालच्या नेटवर्क कार्डाचा भाऊ. काल मी फक्त नेटवर्कची भुतं काढली होती, बाकीची लपलेली यादी खाली सरकवून पाहिलीच नव्हती. ते काढलं, नाव मोकळं झालं, व्हीएमवेअर टूल्सही (व्हीएममधल्या विंडोजसाठीचे मदतनीस प्रोग्राम) लागलीच टाकून घेतले आणि मशीन रीस्टार्ट केलं.

तोपर्यंत नानांनी अकरा गाड्यांच्या पावत्या हाताने लिहिल्या होत्या. बाराव्या गाडीचं वजन पडद्यावर आलं. नानांनी एंटर मारला, डॉट मॅट्रिक्स खरखरला. रिकामी होऊन आबांचा ट्रॅक्टर परत काट्यावर आला होता, त्यांची भरलेली नोंद हाताने झालेली असली तरी पुढची चिठ्ठी त्यांनाच हवी होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली.

"भो, आते सकाय शे का दुफार?"

चिठ्ठीवर वेळ ४:४० दुपार. माझ्या मनगटावर ११:१०. बरोबर साडेपाच तास. ईएसएक्सआय मशीनचं घड्याळ ग्रीनविचचं समजून चालतो, आणि मी उन्हाळ्यात बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) हौसेने आपली भारतीय वेळ लावून ठेवली होती. टूल्स आल्या आल्या विंडोजने त्यात आपले साडेपाच तास आणखी मिळवले. होस्टचं, म्हणजे नव्या सर्व्हरचं, घड्याळ मागे घेतलं, नानांनी चिठ्ठी पुन्हा छापली, आबांनी चुकीचीही मागून घेतली. का ते विचारलं नाही.

हातच्या नोंदींसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला गाठावं लागलं. तो आता पुण्यात आहे. त्याने रात्री दुरूनच नेटवरून आत येऊन त्या नोंदींपुरतं कुलूप काढलं आणि परत लावलं. मी त्याला सर्व्हरच्या जागेबद्दल विचारलं तर हसला. "तार छोटी होती हो," म्हणाला.

आठवड्याने मी सिरियल-लॅनची डबी घेऊन गेलो, तूस जाऊ नये म्हणून झाकणाच्या पेटीत बसवली. करड्या तारेवर लावायला 'काटा, काढू नये' अशी चिठ्ठीही छापून नेली होती. पण तिथे आधीच लाल सुतळी बांधलेली होती, तीन गाठी मारून. नाना पावती लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "तुमचीही लावा. असू द्या दोन."