घरचा वडापाव आणि मिसळ : तेलामिठाच्या हिशेबाची नोंद

वडापाव आणि मिसळ बाहेरून न मागवता घरीच करायची, या प्रयोगाची ही पुढची नोंद. आतापर्यंतच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, यातला खरा फायदा पैशांचा नसून तेलाचा आहे. बेसन, गॅस आणि आपला वेळ हिशेबात धरला, तर पुण्यातल्या गाडीवरच्या वड्याशी किमतीत बरोबरी करण्याच्या फंदात न पडलेलेच बरे.

तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्याचे विघटन होते आणि त्यात ध्रुवीय संयुगे (तेल मोडताना तयार होणारे घटक) साठत जातात. ही संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे प्रमाण सहजासहजी मोजता येत नाही. मात्र तेल दाट आणि काळपट झाले, त्यावरचा फेस विरेनासा झाला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर येऊ लागला, की ते टाकण्याजोगे झाले असे समजावे. बाहेरच्या कढईतले तेल कितव्यांदा तापले आहे, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. मी आता लहान बिडाची कढई वापरतो, तीन-चार वडे बुडतील इतपतच तेल घेतो आणि उरलेले गाळून लगेचच्या भाजी-आमटीच्या फोडणीत संपवतो.

वडा तेल का पितो, हेही या निमित्ताने नीट पाहता आले. तेल साधारण १७५ ते १८० अंशांवर असताना पिठातल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडत असते आणि तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. वडा बाहेर काढला की आतली वाफ निवते, पोकळी निर्माण होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणूनच वडा झाऱ्यावर निथळून लगेच जाळीवर ठेवणे महत्त्वाचे आहे. ताटात एकावर एक रचलेले वडे खालून तेलकट आणि मऊ होतात. सोड्याचा हातही आखडताच हवा; तो जास्त झाला की आवरण सच्छिद्र होते आणि तेल पिते. बंद डब्यातून घरपोच येणाऱ्या वड्याची तर वाटेतच वाफेने लापशी झालेली असते (तरी लोक मागवतात, हे मला न सुटलेले कोडे आहे).

मिसळीत प्रश्न मिठाचा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, इतके मीठ खावे. फरसाण, पाव आणि कट या तिन्हींत मीठ असल्यामुळे ही मर्यादा एका बैठकीतच जवळ येऊ शकते. मी कटात मीठ कमी घालून ती उणीव आमसूल, भाजलेले खोबरे आणि गोडा मसाला यांनी भरून काढतो, फरसाण मूठभरच घेतो आणि खाली पोहे व बटाट्याची भाजी असा पुणेरी थर ठेवतो. मटकीला घरीच मोड आणतो. मोड आल्याने त्यातले, लोह अडवून धरणारे फायटिक आम्ल कमी होते आणि वरून लिंबू पिळले की कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. पुण्याच्या थंडीत मोडांना वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून ओट्यावर गॅसच्या उबेला ठेवावी.

पावाचे काम अजून चालू आहे. मैद्याच्या जागी निम्मी कणीक घेतली, तर तीतला कोंडा ग्लुटेनची (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची) जाळी तोडतो आणि पाव दडस होतो. पाणी वाढवून पीठ मळण्याआधी अर्धा तास झाकून ठेवल्यावर लादी बरीच हलकी झाली. पुढच्या खेपेला कणकेचे प्रमाण तेच ठेवून दूध कमी करून पाहणार आहे.