गवंडीमामांची नळी

"म्याडम, तुमचा कागद तरी चुकलाय, नायतर माझी नळी. दोगांतलं एक कायतरी नक्की."

गवंडीमामा चराच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. एका हातात पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, दुसऱ्या हातात मीटर टेप. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मृग दहा-बारा दिवसांवर. माझ्या नकाशाप्रमाणे चर खणून झाला होता, पाइप अंगणात येऊन पडले होते आणि मी गाडीतून उतरून अजून पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

चिपळूण तालुक्यातली एक वाडी. काकूंचं चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं घर, मागे डोंगर, खालच्या अंगाला गवंडीमामांची पोफळीची बाग आणि तिच्या कडेने जाणारा पऱ्या, म्हणजे लहान ओहोळ. दर जुलैमध्ये काकूंच्या माजघराची मागची भिंत कमरेपर्यंत ओली व्हायची आणि जमिनीतून पाझर फुटायचा. मागच्या तीन वर्षांत त्यांनी आतून दोनदा वॉटरप्रूफिंगचा लेप मारून घेतला होता. दोन्ही वेळा गणपतीच्या आधी पोपडे. साहजिकच आहे. पाणी बाहेरून दाबतंय आणि आपण आतून रंग लावतोय. पण लेपवाल्याला साठ हजार मोजताना कोणी का-कू करत नाही, आणि नकाशाचे पैसे सांगितले की "दोन रेघा मारायचे एवढे?" हे मला कायमच ऐकावं लागतं. 2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हापासून आमच्याकडे पाणी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नदी येते. माझं निम्मं काम मात्र अशा वीतभर पाण्याचं असतं.

मार्चमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुखणं तासाभरात कळलं होतं. काकूंच्या मुलाने मागीलदार मोठं करायला डोंगराचा पायथा तीनेक मीटर आत कापला होता आणि वर कोबा घातला होता. कोबा दिसायला सपाट. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावून रीडिंग घेतली तर कापलेल्या दरडीपासून भिंतीपर्यंत 60 मिलिमीटर उतार निघाला, तोही घराकडे! म्हणजे कौलांची पागोळी आणि डोंगरावरचं पाणी दोन्ही भिंतीच्या पायात येणार. कापलेल्या दरडीत दुसरी गोष्टही दिसत होती. वर जांभा, खाली चिकट पिवळसर माती. जांभा पाणी पितो, ती माती पीत नाही. त्यामुळे पाऊस थांबल्यावरही चार-चार दिवस त्या सांध्यातून पाणी झिरपत राहतं. कोबा फोडून उतार फिरवला तरी हे पाणी अडणार नव्हतं. त्याला जमिनीखाली, त्या मातीच्या माथ्यावरच धरायला हवं होतं.

म्हणून नकाशा. तुळशीवृंदावनाच्या पायरीची उंची 100.000 मीटर धरली, सगळ्या परसाची पातळी काढली आणि ए-3 कागदावर 1:100 ने आखणी केली. दरडीच्या पायथ्याशी चर, त्यात कापडात गुंडाळलेली खडी आणि भोकांचा पाइप. घराच्या कोपऱ्यावर चेंबर, तिथेच पन्हळीचं पाणीही सोडायचं. चेंबरपासून पऱ्यापर्यंत 15 मीटर बंद पाइप. तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरला तर मागच्या अंगाचं 60 चौरस मीटर छप्पर आणि डोंगराचे जे सहा गुंठे इकडे उतरतात, ते मिळून, जमिनीत मुरणारं वजा जाता, सेकंदाला जवळजवळ 12 लिटर पाणी. 110 मिलिमीटरचा पाइप शंभराला एक उतारावर सातेकच लिटर नेतो, 160 चा अठरा. म्हणून 160 चा पाइप, 15 मीटरला 150 मिलिमीटर उतार. चेंबरचा तळ 99.450, पऱ्याचं तोंड 99.300. हिशेब कसा स्वच्छ.

आणि आता मामा म्हणत होते की उतार पाचच सेंटिमीटर आहे.

"नळीत बुडबुडा असेल," मी म्हटलं. नळीत हवा राहिली की दोन टोकांचं पाणी एका पातळीला येत नाही, हे कोणालाही ठाऊक असतं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी नळी रिकामी केली, कळशी उंच धरून पुन्हा भरली, बोटाने टिचक्या मारत शेवटचा बुडबुडा बाहेर काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा तुम्हीच." वीस मीटर नळी, दोन खुंट्या, दोन खुणा. खुणेपासून खाली टेप सोडली. चेंबरकडे 62 सेंटिमीटर, पऱ्याकडे 67.

पुन्हा केलं. पुन्हा पाचच.

मी गाडीतून ऑटो लेव्हल काढली. खरं सांगायचं तर तेव्हाही मला वाटत होतं की यंत्र लागलं की मामा गप्प होतील. स्टाफ, म्हणजे आकडे घातलेली उभी पट्टी, आधी चेंबरच्या तळाला, मग पऱ्याच्या तोंडाशी. उत्तर 99.400. मामांच्या नळीने माझ्या यंत्राच्या आधी सांगितलं होतं तेच.

मार्चची फील्डबुक उघडली. पऱ्याच्या तोंडाचं रीडिंग 2.145. असायला हवं होतं 2.045, म्हणजे दहा सेंटिमीटरची चूक. तिथे करवंदीची जाळी होती. दुर्बिणीत स्टाफवरच्या बारीक रेघा दिसत होत्या, मोठा आकडा पानांमागे होता, आणि मी तो अंदाजाने भरला होता. अशी चूक कोणाच्याही हातून होते, म्हणूनच शेवटी परत बेंचमार्कवर, म्हणजे तुळशीच्या पायरीवर, जाऊन रीडिंग घ्यायचं असतं. खरं तर त्यानेही ही चूक सापडली नसती, कारण पऱ्याचं रीडिंग मधलंच होतं. ती सापडली असती फक्त यंत्र हलवून ते ठिकाण दुसऱ्यांदा वाचलं असतं तर. ते मी केलं नव्हतं. उन्हं तापली होती, स्टाफ धरणारा मुलगा बारावीचा पेपर आहे म्हणून घाई करत होता. कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

पाइप तसाच टाकला असता तर? तीनशेला एक उतारावर तोच 160 चा पाइप सेकंदाला दहाएक लिटर नेतो. आमचा हिशेब बाराचा. आणि पाण्याचा वेग इतका कमी की आमची तांबडी माती वाटेतच बसत गेली असती. दोन पावसाळ्यांत पाइप अर्धा बुजला असता आणि काकू म्हणाल्या असत्या, लेपवाला तरी बरा होता.

"अगो, मग आता काय? चर बुजवायचा?" काकू पदराला हात पुसत मागीलदारी आल्या.

चेंबरचा तळ वर उचलता येत नव्हता. उचलला तर पाइप त्या चिकट मातीच्या माथ्यावर राहिला नसता आणि पाझर त्याच्याखालून निघून गेला असता. पऱ्याचं तोंड खाली नेता येत नव्हतं, कारण तिथे कातळ. मामांनी पहारेचा एक घाव घालून मला आवाज ऐकवला, म्हणजे शंका नको. उरला एक मार्ग. पाइप आणखी सहा मीटर पुढे न्यायचा, जिथे पऱ्या एकदम खाली उतरतो. पण ते सहा मीटर मामांच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतले.

इथे सगळे जरा गप्प झाले. या दोन घरांत पाण्यावरून बोलाचाली आधीही झाली होती, हे मला उशिरा कळलं. 1882 चा सुविधाधिकार कायदा म्हणतो की वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे वाहत खाली आलं तर खालच्याने ते येऊ द्यायचं. पण पाइपात गोळा करून एका तोंडाने सोडलेलं पाणी हे काही नैसर्गिक वाहणं नव्हे. त्याला मामांची संमतीच लागणार होती. कलमं सांगत बसण्यात अर्थ नव्हता. मामांनी आयुष्यभर लोकांच्या घरांचं पाणी काढून दिलं होतं, त्यांना यातलं माझ्याहून जास्त कळत होतं.

ते बराच वेळ पऱ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "वयनी, पाणी येऊ दे. पण माझा गडगा धुपला नाय पायजे. तोंडाशी दगड बसवायचे, दोन मीटर. आन ते पण म्याडमनी कागदावर लिवून द्यायचं. पाइप कुटनं जातो, दगड किती, साफ कोण करनार, सगळं."

सकाळीच "पाण्याला काय कागद वाचता येतो का" असं मला ऐकवणारा हाच माणूस. मी हसले नाही. हसायची माझी पाळी नव्हती त्या दिवशी.

दुपारी काकूंनी कुळथाचं पिठलं आणि भात वाढला. जेवून मी सगळी लेव्हल पहिल्यापासून घेतली, पऱ्याची दोन्ही ठिकाणं यंत्र हलवून दोनदा. तुळशीशी परत आले तेव्हा फरक 3 मिलिमीटरचा. प्रत्येक आकडा लिहिण्याआधी मामा नळीने ताडून बघत होते आणि मी बघू देत होते. 21 मीटर, 210 मिलिमीटर, नवं तोंड 99.240. सुधारित नकाशा रात्री घरी काढला. कोपऱ्यात मामांच्या अटी लिहिल्या, खाली काकूंची आणि त्यांची सही. वाढीव पाइपाचे आणि त्या दिवसाच्या मजुरीचे पैसे मी माझ्या फीमधून वजा केले. काकू नको म्हणाल्या, पण फारसं नेट लावून नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रभर कोसळल्यावर, सकाळी मी मुद्दाम गेले. पाइपाच्या तोंडातून पाणी दगडांवर पडत होतं, आधी लाल असलं तरी आता नितळ झालं होतं. मामांनी वीस लिटरची बादली लावली, मी मोबाइलवर सेकंद मोजले. चार सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला पाच लिटर, आणि पाइप अर्ध्याहूनही रिकामा.

माजघराची जमीन कोरडी होती. भिंत मात्र अजून ओलसर, आणि काकूंनी ती मला हात लावून दाखवली. चिऱ्यात वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी असं महिन्यात निघत नाही. मी म्हटलं, खिडक्या उघड्या ठेवा आणि रंगाऱ्याला दिवाळीच्या आधी बोलवू नका.

"पण त्याला मी गणपतीआधीचं सांगून ठेवलंय ना," काकू म्हणाल्या.